पडद्याच्या अलीकडे

डॉक्टर म्हणाले, न्यायचंच असेल तर आडवं न्या.
कण्यात स्क्रू आहेत, चौदा तास बसवू नका.
हे हसले.
पस्तीस वर्षं काचेच्या कारखान्यात
खोक्यांवर बाण काढले यांनी, लाल रंगात: ही बाजू वर.
आता माझ्यावरच काढ, म्हणाले,
फक्त कुठली बाजू वर ते डॉक्टरांना विचार.

मुलीनं नकाशा पाठवला होता.
माल्टा. मी आधी चष्मा पुसला, डाग वाटला.
तिथल्या इस्पितळात ती रात्रपाळी करते
आणि फेब्रुवारीपासून एका मुलाची आई आहे,
ज्याला आम्ही फोनच्या चौकटीतच पाहिलंय,
तेही बहुतेक वेळा नाकापर्यंत.

मग मी वही घातली.
जुनी, दूधवाल्याच्या हिशेबाची, मागची पानं कोरी होती.
मंगळवार: दोन लाख अठरा हजार.
बुधवार: दोन लाख छत्तीस. का, ते कुणालाच माहीत नाही.
गुरुवारी मुंबईऐवजी अहमदाबादहून पाहिलं, थोडं कमी,
पण मध्ये अकरा तासांचा मुक्काम,
आणि तिथं आडवं कुठं व्हायचं?
खंडेराव मार्केटात वांगी महाग झाली
तर भाजीवाली निदान पावसाला शिव्या देते.
इथं आकडा गुपचूप बदलतो
आणि खाली लिहून येतं: या भावात दोनच जागा उरल्या.
तीन आठवडे दोनच उरल्या होत्या.

दांडिया बाजारात, जिना चढून, हेमलभाईंचं ऑफिस.
त्यांनी शिकवलं:
परतीचं वेगळं काढू नका, एकत्र स्वस्त पडतं.
ऑक्टोबर संपला की तिकडचे पाहुणे आपापल्या घरी जातात,
समुद्र रिकामा, भाव खाली.
'मासी, तमे तो धंधो शीखी गया,' म्हणाले,
चहा मागवला,
कमिशनचं काही बोलले नाहीत.

मी मोठ्या खुर्चीत कधी बसले नाही.
लग्नात बसले होते, ती भाड्याची होती.
पण दुपारी त्या सीटचे फोटो बघायची सवय लागली.
पाठ मागे जाते, पाय वर येतात, पलंग होतो.
उशी. पांढरी चादर. कुणीतरी येऊन पांघरूण घालतं.
एवढं सगळं आभाळात कशाला, असं म्हणायचे
आणि परत बघायचे.

नोव्हेंबरचा आकडा आला पहाटे, तीन वाजून दहा मिनिटांनी.
एक लाख एकोणचाळीस.
मी यांना उठवलं नाही. हेमलभाईंना उठवलं.
ते जांभई देत म्हणाले, एकच आहे मासी.
दुसरी घ्याल तर दोन लाखांच्या वर.
मुदत ठेव मोडली होती तीही एकच.
मी म्हटलं, एक पुढची काढा. एक मागची.

सकाळी यांना सांगितलं.
कप ओठांपाशी थांबला.
बेचाळीस वर्षांत आपण वेगळ्या डब्यात बसलो नाही, म्हणाले.
मग स्वतःच फोन लावला:
दोह्यापर्यंत ती झोपेल, पुढे मी, असं चालतं का?
काका, ही एसटी नाही, असं पलीकडून ऐकू आलं.
यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ
बिस्किटाचे तुकडे मुंग्यांना घालत बसले.

कागद छापून आलेत.
यांचा नंबर तीन, माझा एकतीस.
मध्ये पडदा असतो म्हणे.
जेवणं झाल्यावर पलीकडे जाऊ देतात का,
ते मी विचारून ठेवलंय. उत्तर अजून नाही.

काल यांनी माळ्यावरून लाल रंगाची डबी काढायला लावली.
सुकली होती. टर्पेंटाइन घालून ढवळत बसले,
पाठीला पट्टा, मांडीवर पेपर.
स्वतःच्या बॅगेवर बाण काढला, उभा, सवयीनं.
माझ्या बॅगेवर ब्रश टेकवून थोडं थांबले
आणि आडवा काढला, पुढच्या दिशेनं.
ओघळ आलाय एक.
वाळायला दोन दिवस लागतील.